बाहेरून कडी

"थांब जरा, मी लाइनवर आहे," आई म्हणाली.

बायकांच्या वॉर्डाच्या टोकाला, संडासाच्या बंद दाराला पाठ टेकून ती स्टुलावर बसली होती. बँडेज बांधलेला डावा पाय समोर लांब केलेला, मांडीवर टॉवेल. मी पुण्याहून भाड्याची गाडी करून तिला न्यायला आले होते, आणि ती दाराशी बोलत होती.

"गूळ विरघळला की लगेच गॅस बंद करायचा. उकळू द्यायचा नाही, नाहीतर वडीचा दगड होतो. ऐकताय ना?"

"हाय, हाय," दारामागून आवाज आला. "आन् सुंठ कवा?"

"सुंठ सगळ्यात शेवटी."

आत पाणी ओतल्याचा आवाज झाला. आईने स्टूल बाजूला घेतलं, दार उघडलं आणि पदराला हात पुसत एक ठेंगणी बाई बाहेर आली. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"ही तुमची पुन्याची लेक न्हवं? नाकावरनं वळखली."

"हीच. हेमा, या शेवंताबाई. शेजारच्या खाटेवर. मुतखडा."

मुतखडा हे त्यांचं आडनाव असावं, इतक्या सहज आईने सांगितलं.

"आई, सामान आवरू या," मी म्हटलं. "गाडी खाली उभी आहे. तिथल्या हॉस्पिटलात खोली सांगून ठेवली आहे."

"आज नाही जमणार. कडी बसल्याशिवाय मी हलत नाही."

माझी आई, सुलभा तोडकर, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. ट्रंक कॉलच्या काळात तालुक्यातली निम्मी लग्नं आणि जवळजवळ सगळे मृत्यू तिच्या कानांवरून गेले होते. निवृत्त झाली तरी गावात लोक तिला चेहऱ्यापेक्षा आवाजाने ओळखायचे. मधुमेह जुना होता. त्या वेळी पायाला जखम झाली, सूज गुडघ्यापर्यंत चढली, आणि कुणाला न सांगता ती रिक्षाने सरकारी रुग्णालयात जाऊन दाखल झाली. मला फोन केला तो नंतर: "काळजी करू नकोस, खाट खिडकीजवळ मिळाली आहे."

काळजी न करणं मला कधी जमलं नाही. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. ज्या आजाराबद्दल कळतं त्याबद्दल मी वाचते, आणि वाचलं की झोप उडते.

"कसली कडी?" मी विचारलं.

"या दाराला आतून कडी नाही. मागे एक म्हातारी आत चक्कर येऊन पडली, दार फोडावं लागलं. तेव्हाच्या साहेबांनी हुकूम काढला, रुग्णालयातल्या सगळ्या संडासांच्या कड्या काढा. तेव्हापासून बायका जोडीनं जातात. एक आत, एक दाराशी."

"आणि पुरुष?"

"ते खाकरतात."

शेवंताबाईंनी तोंडाला पदर लावला. "आमी खाकरलो तर निम्मा वॉर्ड धावत यायचा."

दार धरण्याचे नियम ठरलेले होते. धरणारीने सतत बोलत राहायचं, म्हणजे आतलीला कळतं की ती जागेवर आहे, कंटाळून निघून गेलेली नाही. विषय कुठलाही चालतो. आतली जे बोलेल ते खाटेपर्यंत न्यायचं नाही. वॉर्डात एकमेकींकडे पाठ करून झोपणाऱ्या बाया दाराआडून सासूबद्दल, नवऱ्याबद्दल, पोटातच गेलेल्या मुलाबद्दल बोलायच्या. आईला ही व्यवस्था फार आवडली होती.

"एक्स्चेंजसारखंच आहे ग. तोंड दिसत नाही म्हटलं की माणूस खरं बोलतं. आपण ऐकायचं आणि विसरायचं."

"मग छान चाललंय की. कडी कशाला हवी?"

आईने वॉर्डाकडे हात केला. "प्रत्येकीच्या उशाशी तांब्या आहे बघ. सगळे भरलेले. डॉक्टर रोज सांगतात पाणी प्या, या रोज मान हलवतात. प्यायलं की जावं लागतं. जायचं म्हणजे कुणाला तरी उठवायचं, आणि इथं कुणाच्या पोटाला टाके, कुणाच्या पायाला प्लास्टर. म्हणून कुणी पीतच नाही. या शेवंताबाईंना मुतखडा झालाय, आणि दिवसभरात गोळी गिळण्यापुरतं पाणी पितात."

"आन् तुमी वो?" शेवंताबाई म्हणाल्या. "तुमी साखरवाल्या. तुमचा तांब्या कुटं रिकामा हाय?"

आईला ते ऐकू गेलं नाही. नको ते ऐकू न येण्याची तिला नोकरीपासूनची सवय होती.

मी गाडी परत पाठवली. पुण्याच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, फार उशीर करू नका.

दुसऱ्या दिवशी राउंडला डॉक्टर नदाफ आले. ते रुग्णालयाचे अधीक्षक. पण डॉक्टरांच्या जागा रिकाम्या असल्याने राउंडही तेच घ्यायचे, आणि बहुधा जेवायचे राहूनच जायचे. ॲप्रनच्या खिशात फुटाणे असत.

"साहेब, कडीचं काय झालं?" आईने विचारलं.

"तोडकरबाई, कधीतरी पायाचंही विचारा."

"पाय तुमच्याकडे दिलाय. कडी माझ्याकडे आहे."

"उद्या कुणी आत पडलं तर? मागची चौकशी अजून संपलेली नाही."

"म्हणून सगळ्यांनी तहानलेलं राहायचं?"

ते पुढच्या खाटेकडे निघाले होते, ते थांबले. "तहानलेलं म्हणजे?"

आईने सांगितलं. डॉक्टर नदाफांनी शेवंताबाईंच्या उशाचा तांब्या उचलून आत पाहिलं. मग पलीकडचा उचलला. मग त्याच्या पलीकडचा. मागे उभ्या असलेल्या थोरवे सिस्टरांकडे वळले. वॉर्ड त्यांच्या ताब्यात होता.

"सिस्टर, हे खरं आहे?"

"साहेब," सिस्टर म्हणाल्या, "ड्यूटीवर मीसुद्धा पाणी पीत नाही. स्टाफच्या संडासाची किल्ली क्लार्ककडे असते."

डॉक्टरांनी एक फुटाणा तोंडात टाकला आणि बराच वेळ चावला. "परवा तपासणी आहे," ते शेवटी म्हणाले. "दर्जाचे गुण द्यायला पथक येतंय. त्याआधी कडी बसवून टाकतो."

आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू दिल्लीचा कॉल पहिल्या झटक्यात लागला होता.

संध्याकाळच्या आत सुतार आला. ठोकाठोक झाली. बायका खाटांवरून माना उंचावून बघत होत्या. तो हत्यारं आवरून निघाला तेव्हा शेवंताबाई पाहणी करायला गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "आवं बाई, ह्यानं उलटी बसवली!"

कडी चांगली जाड होती, नवी कोरी. फक्त दाराच्या बाहेरच्या बाजूला होती.

"अहो दादा," आई म्हणाली, "बाहेरून कशाला?"

"आतून कडी बसवायची न्हाई, असा लेखी हुकूम हाय ना. साहेब म्हनले कडी बसवा. मग दोन्ही हुकूम पाळून कुटं बसवनार?" सुतार म्हणाला. त्यात उद्धटपणा नव्हता. त्याने खरोखरच पुष्कळ विचार केलेला दिसत होता.

साहेब मीटिंगला जिल्ह्याला गेले होते. दुसऱ्या दिवशी सफाईच्या मावशी बोळातून जाताना दार नुसतं लोटलेलं दिसलं म्हणून त्यांनी नीटनेटकेपणाने कडी घालून टाकली. आत शेवंताबाई होत्या. दार धरणारी बाई औषधाला नाव पुकारलं म्हणून क्षणभर हलली होती. शेवंताबाईंनी आतून जो आवाज काढला तो पुरुषांच्या वॉर्डातल्या कुणालाही खाकरून काढता आला नसता. बाहेर आल्यावर त्या हसल्या, सगळ्या हसल्या; पण त्या दिवशी पुन्हा कुणी तिकडे फिरकलं नाही, आणि दुपारच्या गोळ्या पुष्कळ जणींनी कोरड्याच गिळल्या. शेवंताबाईंना कळा सुरू झाल्या. थोरवे सिस्टरांनी त्या कडीला बँडेजची पट्टी गुंडाळून बांधून टाकलं. कडीलाच फ्रॅक्चर झाल्यासारखं दिसत होतं.

"आता तरी चल," मी आईला म्हटलं. तिच्या रक्ताचे नवे रिपोर्ट आले होते. डॉक्टर नदाफ ते घेऊन तिच्याशी बराच वेळ बोलून गेले होते. मी तेव्हा जेवणाचा डबा आणायला घरी गेले होते. "काय म्हणाले?"

"पाय सुधारतोय म्हणाले."

"आणि बाकी?"

"बाकी तपासणी झाल्यावर बघू."

तपासणीच्या सकाळी वॉर्डाला नव्या चादरी आल्या. दाराशी रांगोळी, कोपऱ्यात कुंड्या. पथकाच्या प्रमुख नाईकनवरे मॅडम, बारीक चणीच्या, चष्मा कपाळावर, प्रश्न असे विचारायच्या की उत्तर देणारा आपोआप ताठ उभा राहायचा. औषधांचं कपाट पाहिलं, सुया टाकायचा डबा पाहिला, सिस्टरांना हात धुवून दाखवायला लावले. मग पथकातले दोघे डॉक्टर नदाफांबरोबर प्रयोगशाळेकडे गेले आणि मॅडम मागे रेंगाळल्या. त्या सिस्टरांच्या कानाशी काहीतरी बोलल्या. थोरवे सिस्टरांचा चेहरा पडला.

किल्ली क्लार्ककडे होती. क्लार्क पथकासाठी वडे आणायला गेला होता.

"मॅडम, इथलं चालेल का?" सिस्टर म्हणाल्या. "स्वच्छ आहे."

मॅडम आत गेल्या. मी वळून पाहिलं तर आईची खाट रिकामी होती. ती लंगडत, स्टूल ओढत दारापर्यंत पोहोचलीसुद्धा होती. दाराला पाठ लावून बसली आणि घसा साफ केला.

"अहो, आतून कडी नाही इथं," आतून आवाज आला.

"कडी बाहेर आहे मॅडम. तुम्ही निवांत बसा. मी दार धरलंय."

"बाहेर आहे म्हणजे?"

"जरा लांबची गोष्ट आहे. तुम्हाला वेळ आहे ना?"

"आता आहेच म्हणायचा," मॅडम म्हणाल्या.

आईने आपला एक्स्चेंजचा आवाज लावला, स्पष्ट, संथ, कुठेही न चढणारा. पडलेली म्हातारी, काढलेल्या कड्या, भरलेले तांबे, सुतार, शेवंताबाई. तक्रारीचा सूर कुठेच नव्हता. इंजेक्शन वेळेवर मिळतं हेही तिने सांगितलं, थोरवे सिस्टर हाकेसरशी येतात हेही सांगितलं. "साहेब चांगले आहेत हो. बायका पाणी पीत नाहीत हे त्यांना ठाऊकच नव्हतं. विचारलं असतं तरी आम्ही सांगितलं नसतं. राउंडला पुरुष डॉक्टरच येतात."

तेवढ्यात डॉक्टर नदाफ घाईघाईने बोळात आले. "मॅडम कुठे आहेत?"

"लाइनवर आहेत," आई म्हणाली.

त्यांनी दाराकडे पाहिलं, स्टुलाकडे पाहिलं, पट्टी बांधलेल्या कडीकडे पाहिलं. परवापासून ते या बाजूला फिरकलेच नव्हते. माझ्या लक्षात आलं की ते कडी आत्ता पहिल्यांदा पाहत आहेत; रिपोर्ट घेऊन आले तेव्हा आईने कडीचा विषय काढलेला दिसत नव्हता.

मॅडम बाहेर आल्या. सावकाश हात धुतले. पट्टीवरून एक बोट फिरवलं.

"डॉक्टर, ही कुणाच्या सुरक्षिततेसाठी?"

डॉक्टरांनी सगळं सांगितलं, काही न लपवता. पडलेल्या म्हातारीचं नावही त्यांना ठाऊक होतं. चौकशीच्या वेळी तिच्या मुलीने त्यांना काय काय सुनावलं तेही त्यांनी सांगितलं. मॅडम ऐकत राहिल्या.

"माझे सासरे असेच पडायचे," त्या म्हणाल्या. "आतून लागते आणि गरज पडली तर बाहेरून उघडते अशी कडी मिळते. बाहेरच्या बाजूला खाच असते, पेचकस घालून फिरवायचं. कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात विचारा." मग आईकडे वळल्या. "तुमचा आवाज कुठेतरी ऐकलाय मी."

"साताऱ्याहून इकडे कधी ट्रंक कॉल लावला होता का?"

गुण किती मिळाले ते आम्हाला कधी कळलं नाही. पण पथकाची गाडी फाटकाबाहेर पडल्यावर डॉक्टर नदाफ आपली स्कूटर काढून स्वतः बाजारात गेले, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः सुताराजवळ उभे राहिले. बाहेरची कडी निघाली, आतली बसली. त्यांनी थोरवे सिस्टरांना आतून कडी लावायला सांगून बाहेरून उघडून दाखवलं. पेचकस दोरीने बांधून दाराशेजारी टांगला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. उद्घाटनाचा मान शेवंताबाईंना मिळाला. बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "आत लई शांत वाटतंय बया," आणि सरळ जाऊन पूर्ण तांब्या प्यायल्या.

त्यांच्यानंतर आई गेली. मी तिला दारापर्यंत धरून नेलं. कडी सरकल्याचा आवाज आला. आता धरायचं काही नव्हतं, म्हणून मी खाटेकडे वळले.

"हेमा."

"काय ग?"

"ढकलून बघ."

मी दार ढकललं. "लागली आहे."

"म्हणजे तुला आत येता येणार नाही?"

"नाही."

"बरं. मग ऐक. किडन्या थकल्यात माझ्या. पाय बरा होईल, त्या होणार नाहीत. पाणी न पिऊन थोडं वाढलं, पण मुळात आजार जुना आहे, असं नदाफसाहेबांनी स्वच्छ सांगितलं. पुण्याला नेलंस की डायलिसिस लावतील. मशीनचे दिवस मशीनवर, उरलेले दिवस तुझ्या तिसऱ्या मजल्यावर. मला ते नको आहे."

माझा हात दारावरच होता. "आई, दार उघड."

"उघडते. आधी ऐकून घे. तू समोर असलीस की तुझं तोंड बघून मी हो म्हणून टाकेन. रोज सकाळी ठरवते सांगायचं, आणि तू आलीस की कडीचंच बोलत बसते."

शेजारी पेचकस टांगलेला होता. तो काढायला एक पाऊलही टाकावं लागलं नसतं.

"गप्प का झालीस? आहेस ना?"

"आहे."

"मग बोल काहीतरी. मला कसं कळणार?"

"ड्रेसिंग कोण करेल?" मी विचारलं.

"थोरवे सिस्टर येतील. त्यांचं घर आपल्याच बाजूला आहे."

"आणि इन्सुलिन?"

"मी स्वतः घेते. इतकी वर्षं कोण देत होतं?"

"म्हणजे तुझं सगळं ठरलंय."

"तुला सांगायचं तेवढं राहिलं होतं."

"आणि मी?"

आत पाणी ओतल्याचा आवाज झाला. मग ती बोलली.

"तू येत जा. एसटीनं ये. गाडी करून आलीस की मला न्यायला आल्यासारखं वाटतं."

कडी निघाली. आई बाहेर आली, तोंड धुतलेलं, पदर नीट खोचलेला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "चहा आला का बघ."

त्यानंतरच्या दिवसांत वॉर्डातले तांबे रिकामे होऊ लागले. मावशी पाणी भरून भरून वैतागल्या. शेवंताबाईंचा खडा पडला. ती बातमी त्यांनी वॉर्डाच्या मध्यावर उभं राहून जाहीर केली. ताप असलेल्या दोघींचा ताप उतरला. "आणि मी गोळ्या बदलत बसलो होतो," डॉक्टर नदाफ म्हणाले. नंतर त्यांनी पुरुषांच्या वॉर्डातही तशाच कड्या बसवल्या. आईच्या मते त्यामुळे रुग्णालय फारच शांत झालं.

आई त्यानंतर एक दिवाळी आणि आंब्यांचा एक मोसम जगली. घरीच गेली. भेटायला आलेल्यांतले बरेच जण अजूनही कधी कधी विचारतात, तू पुण्यात असताना तिला तिकडे का नेलं नाहीस? मी सांगते, तिची इच्छा नव्हती. ती इच्छा तिने कुठे आणि कशी सांगितली, हे सांगायची वेळ आली की मी चहा ठेवायला उठते.

पण त्या दारापाशी मी तिला काहीच वचन दिलं नव्हतं, हे खरं. पुण्याच्या हॉस्पिटलातली खोली मी सोडली नव्हती. आईला रुग्णालयातून सुटी मिळाली त्या सकाळीसुद्धा पुण्याच्या डॉक्टरांचा फोन येऊन गेला होता. मी त्यांना कळवते म्हटलं होतं. आईने ते ऐकलं होतं आणि काहीही विचारलं नव्हतं.

रुग्णालयाच्या फाटकातून रस्ता दोन बाजूंना जातो. उजवीकडे एसटी स्टँड, तिथे पुण्याला जाणाऱ्या गाड्या मिळतात. डावीकडे आमचं घर. रिक्षावाल्याने माझी प्रवासाची बॅग पायाशी ठेवली, किक मारली आणि मान वळवून विचारलं,

"स्टँडला ना ताई?"

आई बाहेर बघत होती. बघण्यासारखं तिथे काही नव्हतं, एक उसाचं गुऱ्हाळ आणि उभी असलेली म्हैस. तिने रिक्षाची दांडी घट्ट पकडली होती.

"नाही," मी म्हटलं. "डावीकडे घ्या."

रिक्षा वळली. मग आईचा हात दांडीवरून सुटला आणि ती पुढे वाकली.

"सावकाश हो दादा," ती रिक्षावाल्याला म्हणाली. "शाळेपुढचा गतिरोधक रंगवलेला नाही, दिसत नाही. आणि मी आत्ताच बरी होऊन आलेय."